आणखी एक भोक

हिउमा बेटाभोवतीचा समुद्र फेब्रुवारीत गोठतो
आणि त्याचा रस्ता होतो.
तो उघडायचा की नाही, ते लेइडा ठरवते.
एकोणतीस हिवाळे, एक गिरमिट, एक मोजपट्टी,
आणि डाव्या कानावरून मागे सारलेली लोकरीची टोपी.

गिरमिट फिरतं. भुगा बुटांवर चढतो.
मग काळं पाणी वर येतं, झोपेतून उठल्यासारखं.
चोवीस सेंटिमीटर.
बावीसला मोटार चालते असा नियम आहे.
नियम बुडालेल्यांमुळे लिहिले जातात,
म्हणून ती नियमाशी हुज्जत घालत नाही.

पण वहीत आकडा टिपून झाला
की ती जराशी नुसती उभी राहते.
टाच आपटते. ऐकते.
धड बर्फ खालच्या पट्टीत बोलतो.
बिघडलेला गप्प असतो.
एकदा सव्वीस भरूनही तिनं रस्ता बंद ठेवला;
कारणाच्या रकान्यात लिहिलं, आवाज आवडला नाही.
कचेरीत हसले सगळे.
तिसऱ्या दिवशी तिथेच भेग गेली,
घोडा मावेल एवढी.

ही गोष्ट ती कुणाला सांगत नाही.
सांगते ती दुसरी:
बहिणीशी बोलणं तुटलं त्या वर्षी
तिला महिनाभर सगळाच बर्फ पोकळ ऐकू यायचा.
मन चिंती ते वैरी न चिंती.
तेव्हा गिरमिटानंच तिला ताळ्यावर आणलं.
एकतीस. एकतीस. पुन्हा एकतीस.
पोकळ होतं ते दुसरंच काही.

तर आता आर्वो.
पलीकडे हाप्सालूला राहतो, विधुर, घड्याळं दुरुस्त करतो.
म्हणाला, ये इकडेच राहायला.

वीजबिलाच्या पाठीवर तिनं रेघ मारली.
जमेला बारा ओळी:
दवाखाना चार मिनिटांवर,
बटाट्यापुरती जमीन,
दारू सोडलेली, आणि पीत होता तेव्हा कसा होता
तेही स्वतःहून सांगितलेलं…
खर्चाला तीन. त्यातली एक मांजर.

हिशेब सरळ होता.
आपण म्हणतो, मनात पाल चुकचुकली.
त्या थंडीत घराघरांतून पाली नसतात,
तिच्यापाशी त्याला शब्द नव्हता.
टाचेत काहीतरी, एवढंच.

दुसरी कुणी बिल फाडून टाकलं असतं.
तिसरी कुणी त्याच रात्री सामान बांधलं असतं.
लेइडाचा शिरस्ता वेगळा:
शंका आली तर आणखी एक भोक पाडायचं,
दहा पावलं पुढे.

ती एक रात्र राहायला गेली.
सूप चांगलं होतं. उशी चांगली होती.
दोन वाजता ती अंधारात बसून राहिली,
छातीवर ओलं पोतं ठेवल्यागत,
आणि स्वतःला विचारत गेली, शांतपणे, वहीत टिपल्यासारखं:
हा माणूस? नाही.
त्याची मेलेली बायको, भिंतीवरची? नाही.
बेट सोडणं? थोडं.
मग काय?

चौदा घड्याळं चालू होती
आणि वारा बंद.
खिडक्यांना तिहेरी काच.
तिला बाहेरचं काहीही ऐकू येत नव्हतं.

ती म्हणाली, खिडकी उघडशील का?
बाहेर उणे अकरा.
आर्वो उठला. उघडली.
का, असं विचारलं नाही.
स्वतःचा कोट आणून तिच्या पायांवर टाकला
आणि परत झोपला, कान गोधडीत खुपसून.

तेरावी ओळ तिनं लिहिली नाही.
कशी लिहायची ते सुचेना,
आणि बिल भरायची तारीख आली होती.

आज सकाळी ती बर्फावरून बेटाकडे परत निघालीय,
मांजर आणायला.
पट्टा लावलेला नाही; बर्फावर लावायचा नसतो.
मध्ये थांबायचंही नसतं.
दोन्ही बाजूंनी खुणेच्या जुनिपरच्या फांद्या मागे पडतायत.
काल तिनं स्वतः मोजलाय हा रस्ता, सत्तावीस भरला.

तरी काच खाली आहे,
टोपी डाव्या कानावरून मागे.